मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासाचे तास नीट कसे मोजावेत

तिकीट काढून झालं की घरातून पहिला प्रश्न येतो तो असा: "रात्री २ ला निघून सकाळी ८ ला पोचतोय, म्हणजे सहाच तास?" हा प्रश्न हसण्यावारी जातो. पण याच गणिताच्या पुढच्या चुका महागात पडतात. विमान गेल्यावर दुसऱ्या दिवशी सामान बांधून विमानतळावर हजर होणं, घ्यायला येणाऱ्या मुलाने चुकीच्या दिवशी रजा टाकणं, पन्नास मिनिटांच्या थांब्यात पुढचं विमान सुटणं. या सगळ्या मी जवळून पाहिल्यात, एक तर आमच्याच घरात झाली. ती पाचव्या टप्प्यात सांगतो.

उदाहरणाला मुंबई–न्यूयॉर्क घेतलंय. रीत मात्र कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांना चालते. फक्त क्रम बदलू नका. बहुतेक जण इंटरनेटवरून अंतर उचलतात, ताशी ९०० ने भागतात आणि आलेल्या आकड्यावर टॅक्सी ठरवतात. अंतर मोजणं हा यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे.

बसण्याआधी काय हातात हवं

पूर्ण तिकीट, म्हणजे ईमेलमध्ये आलेली मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही, कारण पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात छापलेलं "+१" (म्हणजे निघाल्याच्या दुसऱ्या तारखेला पोचणं) त्यात हमखास कापलं जातं. शिवाय एक कोरा कागद आणि पेन. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तोही काढा, आणि थोडा शिवणाचा दोरा.

टप्पा १: विमानतळ कोणता ते कोडनिशी लिहा

शहराचं नाव लिहून भागत नाही. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं वर्षानुवर्षं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटत आली, म्हणून "एअरपोर्ट" म्हटलं की आपण तेच धरतो. पण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नागपूरहून येणारं विमान एका ठिकाणी उतरवणार आणि अमेरिकेचं दुसरीकडून सुटणार, असं तिकीट निघू शकतं. गोव्यातही दाबोळी आणि मोपा यांचा असाच घोळ होतो.

पलीकडेही तेच. "न्यूयॉर्कला उतरणार" याचा अर्थ क्वीन्समधला जेएफके असेल किंवा न्यूजर्सीतला न्यूअर्क. दोघांत सरळ रेषेत जेमतेम ३३ किलोमीटर. पण मध्ये मॅनहॅटन आहे, आणि ऑफिसच्या वेळी हे ३३ किलोमीटर दीड-दोन तास खातात. नातेवाईक एडिसनच्या बाजूला राहत असतील तर न्यूअर्क सोयीचा. विमानाच्या अंतरात या दोघांमुळे पडणारा फरक मोजण्यासारखा नाही. जमिनीवरच्या वेळेत मात्र तो चांगलाच जाणवतो.

*पडताळा:* कागदावर सुटण्याचा कोड, उतरण्याचा कोड आणि दोन्हीकडचं टर्मिनल, या चार गोष्टी लिहिल्यात का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: अंतर गोलावर मोजा, नकाशावर नाही

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक अशी जाते. पट्टीखालचा तो रस्ता प्रत्यक्षात जवळपास १४,२०० किलोमीटरचा भरतो. आता तोच दोरा पृथ्वीगोलावर ताणून धरा. तो आपोआप वर सरकतो: सिंध, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड-स्वीडन, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडातून खाली न्यूयॉर्क. हा खरा जवळचा रस्ता, सुमारे १२,५५० किलोमीटरचा. सीटसमोरच्या पडद्यावर विमान वरवर जाताना पाहून "हा उलटा कुठे निघाला" असं वाटतं, त्याचं उत्तर दोऱ्यात आहे.

दोरा वापरून आकडाही काढता येतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. माझा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. गुणाकार करून पाहा, साडेबारा हजारांच्या आसपासच येतो.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन घ्यावा. इथे तो ११२.७ अंश आहे. त्याला ६० ने गुणलं की सागरी मैल मिळतात (६,७६२), आणि १.८५२ ने गुणलं की किलोमीटर. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली असल्याने उत्तर पंधरा-वीस किलोमीटरने मागेपुढे होतं. ते सोडून द्या.

*सावध:* एक ॲप ६,७७५ सांगतं, दुसरं ७,८००, तिसरं १२,५५०. तिन्ही बरोबर आहेत. पहिले सागरी मैल, दुसरे साधे मैल (१.६०९ किलोमीटरचे), तिसरे किलोमीटर. आकडा लिहिताना एकक लिहिलं नाही तर पुढचा सगळा हिशेब वाया.

टप्पा ३: अंतरावरून उड्डाणाचे तास

हे फक्त अंदाजाला. तिकीट हातात असेल तर त्यावरची वेळ तुमच्या गणितापेक्षा नेहमीच खरी.

लांब पल्ल्याची मोठी विमानं शांत हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. १२,५५० भागिले ९०० म्हणजे साधारण १४ तास. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं याचे ४० मिनिटं मिळवा. तिकिटावरचा कालावधी हा गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नव्हे. झाले पावणेपंधरा तास.

पण वारा आहे. या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा धरून बघा. जाताना वेग ८४० उरतो, वेळ साडेपंधरा तासांच्या पुढे जाते. येताना वेग ९६० होतो, वेळ पावणेचौदा. अंतर तेच, तरी जवळपास दोन तासांचा फरक. हिवाळ्यात हा वारा आणखी जोर धरतो. म्हणून "जायला सोळा तास लागले, म्हणजे यायलाही सोळा" हे गृहीत धरून कुणाला मुंबई विमानतळावर बोलावू नका, तुम्ही त्यांच्या आधी बाहेर येऊन उभे राहाल.

दुसरी गोष्ट, हवाई हद्दी. दोऱ्याने दाखवलेला रस्ता प्रत्येक विमानाला खुला नसतो. २०२२ पासून अमेरिकी विमान कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली आणि पुढे महिन्यामहिन्याने ती बंदी वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. असा वळसा पडला की तास-दीड तास सहज वाढतो, कधी इंधनासाठी मध्ये उतरावंही लागतं.

*पडताळा:* तुमचा अंदाज आणि तिकिटावरचा कालावधी यांत दोन तासांपेक्षा जास्त फरक असेल तर एकतर मध्ये थांबा आहे, नाहीतर तुम्ही वेळा वजा करताना घड्याळं मिसळलीत. दुसरी शक्यता जास्त.

टप्पा ४: सगळ्या वेळा भारतीय घड्याळात आणा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

एकच नियम: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. सुटण्याची मुंबईची, उतरण्याची न्यूयॉर्कची. दोन वेगळ्या घड्याळांतल्या वेळा एकमेकांतून वजा करायच्या नसतात. आधी दोन्ही एका घड्याळात आणायच्या, मग वजाबाकी.

आपली वेळ वर्षभर एकच. न्यूयॉर्कची नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. म्हणून फरक:

हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे.
उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे.

आता तेच तिकीट घेऊ. मुंबई रात्री २:००, न्यूयॉर्क सकाळी ८:००, तारीख तीच.

जानेवारीत: न्यूयॉर्कचे सकाळी ८ म्हणजे आपले संध्याकाळी ६:३०. रात्री २ ते संध्याकाळी ६:३०, साडेसोळा तास.
जुलैत: न्यूयॉर्कचे सकाळी ८ म्हणजे आपले संध्याकाळी ५:३०. म्हणजे साडेपंधरा तास.

छापील वेळा अगदी त्याच, आणि प्रवास एका तासाने वेगळा.

मधला थांबा असेल तर त्या गावाचंही घड्याळ बघावं लागतं. दुबई वर्षभर आपल्या दीड तास मागे. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. आणि युरोप घड्याळ बदलतो मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेच्या दिवशी नव्हे. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा न्यूयॉर्क–लंडन फरक नेहमीचा नसतो. या दिवसांत प्रवास असेल तर तोंडपाठ फरकावर विसंबू नका, फोनच्या घड्याळात दोन्ही शहरं टाकून प्रवासाची तारीख तपासा.

*सावध:* "आत्ता फोन केला तेव्हा तिकडे अमुक वाजले होते" या आधारावर हिशेब करू नका. तिकीट तुम्ही फेब्रुवारीत काढता, जाता एप्रिलमध्ये. मध्ये घड्याळ बदललेलं असतं.

*पडताळा:* काढलेला कालावधी तिकिटावर छापलेल्या एकूण कालावधीशी जुळतो का? मिनिटापर्यंत जुळायला हवा. तासभराचा फरक आला तर चूक उन्हाळा-हिवाळ्याची. अर्ध्या तासाचा आला तर तुम्ही साडेदहा-साडेनऊतला अर्धा विसरलात.

टप्पा ५: मध्यरात्रीची तारीख

मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या डोक्यात रात्र आदल्या दिवसाची असते. तिकिटाच्या लेखी रात्री बाराला तारीख बदलते.

आमच्या घरची गोष्ट. भावाचं तिकीट १२ तारखेचं, १:४० चं. फ्रिजवर कागद लावलेला: "१२ तारीख, १:४०". ११ च्या रात्री सगळे निवांत झोपलो. १२ ला दुपारी पुरणपोळ्या झाल्या, शेजारी भेटून गेले, संध्याकाळी गाडी निघाली. रात्री दहाला काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, हे काल रात्रीचं होतं." ते विमान तोवर न्यूयॉर्कला उतरून चार तास होऊन गेले होते. नव्या तिकिटाचे पैसे किती गेले ते सांगत नाही, पण घरात पुरणपोळीचा विषय निघाला की अजून सगळे गप्प होतात.

उपाय सोपा आहे. तिकिटाची वेळ पहाटे ४ च्या आत असेल तर फ्रिजवर विमानाची वेळ लिहूच नका. घरातून निघायची वेळ लिहा, वारासकट: "मंगळवार ११, संध्याकाळी ६ ला निघायचं." आणि कागदावर १२:१० लिहिलं असेल तर ते दुपारचे की रात्रीचे, हे चोवीस तासांच्या घड्याळात परत लिहा. ००:१० लिहिलं की घोटाळा होत नाही.

टप्पा ६: मधला थांबा तपासा

"थेट घ्या, लंडनवरून लांब पडतं" असं सांगणारे भेटतात. प्रत्यक्ष मोजा: मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर. बेरीज १२,७५०. थेट मार्गापेक्षा फक्त दोनशे जास्त, म्हणजे पंधरा मिनिटांचं उड्डाण. दुबईवरून चारशेच्या आसपास वाढतात, ते झाले अर्ध्या तासाचे. उलट सिंगापूरवरून स्वस्त मिळालं म्हणून घेतलं तर आधी ३,९०० किलोमीटर उलट्या दिशेने जाल आणि मग सिंगापूर–न्यूयॉर्कचे १५,३०० पुढे उभे. हे तर जगातल्या सगळ्यात लांब विमानसेवांपैकी एक, एकट्याचेच साडेअठरा तासांच्या वर.

एरवी जास्तीचा वेळ किलोमीटरमध्ये नसतो, तो थांब्यात असतो. तो असा तपासा:

१. थांब्याच्या गावी उतरण्याची आणि सुटण्याची वेळ एकाच घड्याळातल्या आहेत, त्या सरळ वजा करता येतात. पण तारीख बघा. १५ ला रात्री ९ ला उतरून १६ ला रात्री १०:३० चं विमान, हा दीड तासाचा नव्हे, साडेपंचवीस तासांचा थांबा आहे. स्वस्त तिकिटं अशीच स्वस्त असतात.

२. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं सुटल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान परत घेणं, परत चेक-इन करणं, आणि चुकलं तर सगळं तुमच्या खिशातून. वेगळ्या तिकिटांवर पाच-सहा तासांपेक्षा कमी थांबा मी घेत नाही. त्या गावात सामान घ्यायला बाहेर यावं लागत असेल तर तिथल्या व्हिसाचंही आधी बघा.

३. न्यूयॉर्कहून पुढे देशांतर्गत विमान असेल, समजा शार्लट किंवा डॅलसला, तर इमिग्रेशन न्यूयॉर्कलाच होतं आणि सामानही सहसा तिथेच उचलून पुन्हा द्यावं लागतं, मुंबईत शेवटच्या गावापर्यंतचा टॅग लागला असला तरी. टॅग पाहून पट्ट्यावरचं सामान तसंच सोडून पुढच्या गेटकडे धावणारे दर विमानात असतात. इथे तीन तास ठेवा.

४. अबू धाबीवरून जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. सोय चांगली, पण तो वेळ अबू धाबीच्या थांब्यातून जातो. तिथला दीड तासाचा थांबा कागदावर पुरेसा दिसला तरी मनाला पटवून घेऊ नका.

टप्पा ७: घर ते घर

आता सगळं एका कागदावर. पुण्यातलं कोथरूड ते न्यूजर्सीतलं एडिसन, जानेवारी, विमान बुधवारी रात्री ०२:०० चं, उतरणं जेएफकेला. डावीकडे भारतीय वेळ, पुढे काय घडतं ते.

मंगळवार १८:०० – कोथरूडहून गाडी निघाली
मंगळवार २२:३० – सहार, टर्मिनल २
बुधवार ०२:०० – विमान हललं
बुधवार १८:३० – न्यूयॉर्क, तिथले सकाळचे ८
बुधवार २०:०० – इमिग्रेशन, सामान उरकून बाहेर, तिथले ९:३०
बुधवार २१:३० – एडिसन, तिथले सकाळचे ११

विमानाचे साडेसोळा तास. एकूण साडेसत्तावीस. म्हणजे अकरा तास जमिनीवर गेले, आणि हे सगळं सुरळीत झालं तर. भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहिलं तर संध्याकाळी ६ ते सकाळी ११, सतराच तास दिसतात. आई-बाबा थकून का आले याचं कोडं ज्यांना पडतं त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

पुण्याहून साडेचार तास का धरले? रस्ता दीडशे किलोमीटरचा, रिकामा असेल तर तीन-साडेतीन तासांत होतो. पण संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला की सगळं गणित तिथेच अडकतं. शुक्रवारी किंवा जोडून सुट्टी असेल तर आणखी तास वाढवा. विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोचायचं, आणि चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतो. नेमका आकडा तुमच्या तिकिटावर असतो. अमेरिकेच्या विमानांना गेटवर पुन्हा एक तपासणी असते, त्यामुळे ड्यूटी-फ्रीमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत रेंगाळू नका.

ज्यांना रक्तदाबाच्या किंवा इन्सुलिनच्या ठरावीक वेळा आहेत, त्यांनी हाच डावीकडचा भारतीय वेळेचा रकाना डॉक्टरांना दाखवून कुठे काय घ्यायचं ते लिहून घ्यावं. "तिकडच्या सकाळी घ्या" एवढ्यावर निघू नये.

टप्पा ८: परतीचा हिशेब वेगळा करा

जातानाचा कागद उलटा वाचून परतीचा होत नाही. वारा उलट, घड्याळ उलट, आणि कधी ऋतूही बदललेला.

जानेवारीत न्यूयॉर्कहून शुक्रवारी सकाळी ११ ला थेट विमान. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारचे रात्री ९:३०. चौदा तास मिळवा: शनिवार सकाळी ११:३०. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी +१ असणार. पश्चिम किनाऱ्याहून तर +२ ही येतो. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे. तिथून शुक्रवारी रात्री ९ ला निघालात तर आपल्याकडे शनिवार सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, आणि थांब्यासह बावीस तासांनी, म्हणजे रविवारी सकाळी साडेआठला, तुम्ही मुंबईत. शनिवार सगळा विमानात जातो. शनिवारच्या संध्याकाळचं लग्न गाठायचं असेल तर शुक्रवारी निघून चालत नाही.

*पडताळा:* घ्यायला येणाऱ्याला "मी शुक्रवारी निघतोय" असं कळवू नका. विमान क्रमांक, उतरण्याचा विमानतळ आणि टर्मिनल, आणि उतरण्याची तारीख-वार-वेळ त्याच्या घड्याळात, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. निघण्याची तारीख त्यात लिहूच नका. दोन तारखा दिसल्या की माणूस हटकून चुकीची धरतो.